दुसऱ्याला तपासता यावं म्हणून

पोस्टडॉकच्या जाहिराती वाचणाऱ्याला त्यातलं एक वाक्य हळूहळू पाठ होऊन जातं. पीएच.डी. कोणत्या विषयातली हवी, कोणत्या तंत्रावर हात बसलेला हवा, कोणतं सॉफ्टवेअर यायला हवं हे आधी तपशीलवार सांगितलेलं असतं. मग शेवटी, पत्राखालच्या 'आपला विश्वासू'इतक्याच सवयीने, ते वाक्य येतं : उमेदवाराकडे उत्तम लेखी आणि मौखिक संवादकौशल्य असावं, त्याला स्वतंत्रपणे आणि गटातही काम करता यावं. संस्था बंगळूरची असो, म्यूनिचची असो की बोस्टनची, शब्द फारसे बदलत नाहीत. त्यामुळे अर्ज करणाराही ते मनावर घेत नाही. बायोडेटात 'कम्युनिकेशन स्किल्स : एक्सलंट' असं लिहितो आणि प्रकाशनांच्या यादीकडे वळतो. जाहिरात लिहिणाऱ्यानेही ते वाक्य बहुधा मागच्या जाहिरातीतून उचललेलं असतं, तेव्हा दोष एकट्या उमेदवाराचा म्हणता येणार नाही. पण सगळ्या जाहिरातीत कामाच्या गाभ्याबद्दल बोलणारं वाक्य तेच आहे, असं माझं म्हणणं आहे. तंत्र सहा महिन्यांत शिकवता येतं. आपण काय केलं, कुठे अडलो, कशाची खात्री आहे आणि कशाची नाही, हे दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने सांगता येणं ही तितक्या सहज शिकवता न येणारी गोष्ट आहे, आणि आजचं बरंचसं विज्ञान तिच्यावर उभं आहे.

पोस्टडॉक म्हणजे नेमकं कोण, हे आधी सांगायला हवं, कारण विद्यापीठाच्या बाहेर हा शब्द अजून तितकासा रुळलेला नाही. पीएच.डी. पूर्ण झाली आहे, कायमची प्राध्यापकी किंवा शास्त्रज्ञाची जागा अजून मिळालेली नाही, अशा मधल्या काळात दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत मुदतीच्या करारावर संशोधन करणारा माणूस म्हणजे पोस्टडॉक. करार एक-दोन वर्षांचा, वाढला तर वाढला. आपल्याकडे याच पातळीवरच्या रिसर्च असोसिएटला २०२३ पासूनच्या सरकारी दरांनुसार महिना ५८,००० ते ६७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. केंद्र सरकारची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. या माणसाची लॅबमधली जागा मोठी चमत्कारिक आहे. तो विद्यार्थी नाही, त्यामुळे त्याला कुणी हात धरून शिकवत नाही. तो प्रमुखही नाही, त्यामुळे पैसा, जागा, माणसं यांतलं काहीच त्याच्या हातात नसतं. वर प्रकल्पाचा प्रमुख, खाली पीएच.डी. आणि एम.एस्सी.चे विद्यार्थी, बाजूला दुसऱ्या शहरातली किंवा दुसऱ्या देशातली सहकारी लॅब, आणि या सगळ्यांचे निरोप, नमुने, डेटा आणि शंका त्याच्याच टेबलावरून जातात. अधिकार नसताना समन्वय करायचा, हे त्याच्या कामाचं खरं वर्णन.

संवादकौशल्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात आणि दोन्ही इथे फसवी आहेत. एक चित्र सभा जिंकणाऱ्या वक्त्याचं. दुसरं विज्ञान सोपं करून सांगणाऱ्या लेखकाचं. मराठी वाचकाला त्यासाठी जयंत नारळीकरांचं एकच नाव पुरेसं आहे. लोकांपर्यंत विज्ञान नेणं हे मोलाचं काम आहेच, आणि केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 'अवसर' नावाची लेखनस्पर्धा काढून पीएच.डी. व पोस्टडॉक करणाऱ्यांना त्यासाठी उत्तेजनही दिलं. पण लॅबचा प्रमुख शोधत असतो ती गोष्ट वेगळी असते. दर आठवड्याच्या ग्रुप मीटिंगमध्ये बिघडलेला प्रयोग आधी सांगणारा, मग चांगला सांगणारा. आपली नोटबुक आपण रजेवर असताना दुसऱ्याला वाचता येईल अशी ठेवणारा. आकडेशास्त्र जाणणाऱ्याला जीवशास्त्रातली अडचण त्याच्या भाषेत समजावणारा आणि त्याचं उत्तर नीट ऐकून घेणारा माणूस त्याला हवा असतो. यात वक्तृत्व जवळपास नाही. शिस्त आहे, आणि थोडं धैर्य.

याचा पुरावा द्यायचा तर स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या दोन नामांकित अमेरिकी प्रयोगशाळांची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. बर्कलीतली मिना बिसेल यांची लॅब आणि बोस्टनमधली कॉर्नेलिया पोल्याक यांची लॅब एका प्रकल्पावर एकत्र काम करत होत्या. स्तनाच्या ऊतींमधून पेशी सुट्या करायच्या, त्यांवर खुणेची रसायनं लावायची आणि यंत्राने त्यांची वर्गवारी करायची, असं कामाचं स्वरूप होतं. ऊती सारख्या, रसायनं सारखी, लिहून ठेवलेली कार्यपद्धती सारखी. तरीही दोन्हीकडच्या पेशींची चित्रं जुळेनात. वर्षाहून अधिक काळ गेला. उपकरणं तपासली, रसायनं तपासली, ऊती कुठून येतात तेही तपासलं. शेवटी दोन्ही लॅबमधल्या एकेका संशोधकाने एकाच टेबलाशी शेजारी उभं राहून सगळा प्रयोग पहिल्यापासून एकत्र केला, तेव्हा कोडं सुटलं. ऊतींमधून पेशी सुट्या करण्यासाठी एका लॅबमध्ये मिश्रण जोरात ढवळत, दुसऱ्या लॅबमध्ये ते सावकाश आणि जास्त वेळ हलवत. एवढाच फरक. दोन्ही पद्धती त्या क्षेत्रात सर्रास वापरल्या जात, म्हणून तो फरक सांगण्याजोगा आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. २०१४ मध्ये त्यांनी हा सगळा प्रकार 'सेल रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला, हे विशेष. नाहीतर अशा गोष्टी 'त्यांच्या लॅबचं काम तितकं विश्वासाचं नाही' या कुजबुजीत संपतात.

या गोष्टीत कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी निष्काळजी नव्हतं, आणि इंग्रजी दोन्हीकडे उत्तम होतं. उणीव होती ती आपल्याला उघड वाटणारी गोष्टही दुसऱ्याला सांगण्याची. संशोधनातलं बरंचसं ज्ञान हाताच्या सवयींत असतं आणि ते कागदावर उतरत नाही. ते कागदावर उतरवणं, नाही उतरलं तर प्रत्यक्ष जाऊन दाखवणं, आणि 'तुम्ही हे कसं करता?' असा बावळट वाटणारा प्रश्न न लाजता विचारणं, हे टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाचंच काम आहे. प्रमुख बैठकीत असतो, अनुदानाच्या अर्जात असतो. तेव्हा हे काम कौशल्य म्हणून मागितलं जात असेल तर त्यात नवल काहीच नाही. ते इतक्या ढोबळ शब्दांत मागितलं जातं, याचंच नवल.

दुसरं उदाहरण जास्त प्रसिद्ध आहे, पण त्याची ही बाजू सहसा सांगितली जात नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात दुपारचे बारा वाजायला आले असताना मार्को ड्रागो या पोस्टडॉकला संगणकाने आपोआप पाठवलेला एक ईमेल आला. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी उभारलेल्या लायगोच्या दोन्ही शोधकांत एकाच सुमारास, एकाच आकाराची खूण उमटली होती. त्या लहरींचा तो पहिला प्रत्यक्ष वेध ठरणार होता आणि तो पाहणारा ड्रागो पहिला माणूस होता. त्याने पुढे काय केलं ते बघण्यासारखं आहे. तो शेजारच्या सहकाऱ्याकडे, अँड्र्यू लंडग्रेनकडे गेला. कुणी यंत्रणा तपासण्यासाठी कृत्रिम खूण सोडली आहे का, हे दोघांनी नोंदींमध्ये पाहिलं. मग नियंत्रण कक्षाला फोन करून यंत्रं नीट चालू आहेत ना, याची विचारणा केली. आणि सुमारे तासाभराने जगभर पसरलेल्या सगळ्या सहकाऱ्यांना ईमेल करून, ही खूण खरी नसण्याचं काही कारण कुणाला ठाऊक आहे का, असं विचारलं. 'मला सापडलं' असं त्याने लिहिलं नाही. हा संशय वाजवीच होता : २०१० च्या सप्टेंबरमध्ये याच गटाला मुद्दाम, कुणाला न सांगता एक बनावट खूण देण्यात आली होती आणि ती बनावट असल्याचं २०११ च्या मार्चमध्ये उघड करण्यात आलं होतं.

त्यानंतर पाच महिने हजारांवर माणसांनी ती खूण खरी नसल्याची प्रत्येक शक्यता तपासून पाहिली आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला घोषणा झाली. ज्या गणिती पद्धतीने या खुणेची खात्री आकड्यात मांडता आली, तिच्या पायाभरणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ इथे लायगो-इंडियाची वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे. ती चालू होईल तेव्हा तिथल्या तरुण संशोधकांचं रोजचं काम याच जातीचं असेल : अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या माणसांना कधीही न भेटता त्यांच्या मोजमापांवर विश्वास ठेवायचा आणि आपल्या मोजमापांवर त्यांना विश्वास ठेवता येईल अशा नोंदी ठेवायच्या.

हे सगळं अवाढव्य प्रकल्पांपुरतं खरं आहे, असं कुणी म्हणेल. आकडे तसं सांगत नाहीत. स्टेफान वुक्टी, बेंजामिन जोन्स आणि ब्रायन उझी यांनी २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये पन्नास वर्षांतल्या जवळजवळ दोन कोटी शोधनिबंधांचा अभ्यास मांडला. विज्ञान-अभियांत्रिकीत एका निबंधामागे सरासरी १.९ लेखक होते, ते ३.५ झाले. समाजशास्त्रांतही तोच कल दिसला, आणि जास्त उल्लेख होणारे निबंध एकट्यापेक्षा गटाचे असण्याची शक्यता वाढत गेली. यावर एक वजनदार आक्षेप मात्र आहे. लिंगफेई वू, दाशून वांग आणि जेम्स इव्हान्स यांनी २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये साडेसहा कोटींच्या आसपास निबंध, पेटंटं आणि सॉफ्टवेअर प्रकल्प तपासून दाखवलं की मोठे गट आहे त्या कल्पना पुढे नेतात, तर जुनी घडी मोडणारं काम लहान गटांकडून जास्त होतं. म्हणजे सहकार्याचा एवढा उदोउदो कशाला? माझ्या मते या अभ्यासातून निघणारा अर्थ उलटा आहे. मोठ्या गटात समन्वयासाठी माणसं नेमलेली असतात, नियम असतात, समित्या असतात. एखादा घुम्या माणूस तिथे खपून जातो. तिघांच्या गटात व्यवस्थापक नसतो. तिथे एकाने शंका गिळली की ती शंका गटातूनच नाहीशी होते. सहकार्याची क्षमता आणि गटाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लहान गटाला पहिलीची गरज अधिक भासते.

या क्षमतेचा परिणाम मोजता येतो का? काही प्रमाणात येतो. डेव्हिड फेल्डन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत जीवशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या ३३६ विद्यार्थ्यांचा चार वर्षं मागोवा घेतला. गृहीतक मांडणं, तुलनेसाठी योग्य नमुने ठेवणं, निष्कर्ष काढणं ही कौशल्यं कुणाची वाढतात आणि कुणाची नाही, हा त्यांचा प्रश्न होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं त्याचं उत्तर अनेक गाइडना रुचणारं नव्हतं. प्रमुखाच्या मार्गदर्शनाचा या वाढीशी ठळक संबंध दिसला नाही. ज्या लॅबच्या चर्चांत पोस्टडॉक आणि वरिष्ठ विद्यार्थी मनापासून भाग घेत, तिथल्या विद्यार्थ्यांची कौशल्यं वाढत जाण्याची शक्यता मात्र चौपटीहून जास्त होती. तोंड न उघडणारा पोस्टडॉक फक्त स्वतःचं नुकसान करत नाही, असा याचा सरळ अर्थ. ॲनिटा वूली आणि सहकाऱ्यांचा २०१० चा प्रयोगही इथे आठवतो. ६९९ माणसांचे लहान लहान गट करून त्यांना निरनिराळी कोडी दिली, तेव्हा गटाचं यश त्यातल्या माणसांच्या सरासरी बुद्धीवर फारसं अवलंबून नव्हतं. बोलण्याची संधी सगळ्यांना सारखी मिळते का आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचं ओळखता येतं का, यांच्याशी ते जास्त जोडलेलं होतं. पुढे या निष्कर्षावर वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण ज्याने चार ग्रुप मीटिंगा पाहिल्या आहेत त्याला हा निष्कर्ष अगदी परका वाटू नये.

आपल्याकडच्या लॅबमध्ये या सगळ्याला आणखी एक पदर आहे, तो 'सर' आणि 'मॅडम'चा. आदर असायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण 'सर, कंट्रोलमध्येही हेच दिसतंय' हे वाक्य चार माणसांदेखत म्हणणं आपल्या पोराला जड जातं, कारण शाळेपासून उलट बोलणं आणि प्रश्न विचारणं यांत आपण त्याला फरकच शिकवलेला नाही. मग तो शंका मागे ठेवतो, जमलं तर नंतर केबिनमध्ये हळूच सांगतो, नाही जमलं तर आकृतीतून तो भाग गाळला जातो. हीच मुलं परदेशात पोस्टडॉकला जातात तेव्हा त्यांचं तंत्र उत्तम असतं, मेहनत कुणाहून कमी नसते, पण मीटिंगमध्ये ती गप्प असतात आणि तिथला प्रमुख त्या गप्प राहण्याचा अर्थ 'याला काही म्हणायचं नाही' असा लावतो. याची सुरुवात अर्जापासूनच होते. 'रिस्पेक्टेड सर' असा मायना घालून एकच मजकूर शंभर प्राध्यापकांना धाडला जातो. त्यात त्या प्राध्यापकाच्या कामाबद्दल एक ओळही नसते. असा ईमेल वाचणाऱ्याला उमेदवाराच्या नम्रतेची खात्री पटते, पण त्याने आपला एकही निबंध वाचलेला नाही याचीही. तीन ओळींत तुमचं काम, माझं काम आणि दोन्ही जिथे जुळतात ती जागा सांगणं हे अवघड आहे, आणि नेमकं तेच पुढची दोन वर्षं करायचं असतं.

आता सगळ्यांत जुना आक्षेप. विज्ञान एकांतात घडतं, अबोल आणि विक्षिप्त माणसं ते घडवतात, आणि असल्या जाहिरातींत डिरॅकसारख्या माणसाला जागा मिळाली नसती. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक बोलायला कंजूष होता, हे खरंच. पण त्याचं लेखन इतकं स्वच्छ होतं की पुंजयामिकीवरचं त्याचं १९३० चं पुस्तक अजून वाचलं जातं. दुसऱ्याला तपासता येईल असं मांडणं ही आपली कसोटी धरली, तर त्यात तो पहिल्या रांगेत बसतो. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्सचं उदाहरण याहून अवघड आहे. फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर त्याने १९८६ पासून सात वर्षं जवळजवळ गुप्तपणे काम केलं आणि जून १९९३ मध्ये केंब्रिजमधल्या तीन व्याख्यानांच्या शेवटी सिद्धता जाहीर केली. एकांताचा यापेक्षा मोठा विजय कोणता? पण गोष्ट तिथे संपली नाही. सिद्धता तपासणारा निक कॅट्झ ईमेलवरून एकेक शंका विचारत गेला आणि त्यातल्या एका शंकेला उत्तर मिळेना. सिद्धतेत भगदाड होतं. ते बुजवायला वाइल्सने आपला जुना विद्यार्थी रिचर्ड टेलर याला बोलावलं, १९९४ च्या सप्टेंबरमध्ये मार्ग सापडला, आणि १९९५ मध्ये दोन निबंध छापून आले, त्यांतला एक दोघांच्या नावावर. सात वर्षं एकट्याने बसण्याची मुभा वाइल्सला होती, कारण प्रिन्स्टनमध्ये त्याची प्राध्यापकी पक्की होती. दोन वर्षांच्या करारावरच्या माणसाला तो मार्ग उपलब्धच नाही. जाहिरातीत 'स्वतंत्रपणे' आणि 'गटात' हे शब्द एकापाठोपाठ येतात ते परस्परविरोधी वाटतात, पण वाइल्सच्या गोष्टीत दोन्ही आहेत : विचार एकट्याने, पडताळणी दुसऱ्यासोबत.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो आणि त्याचं पूर्ण निराकरण माझ्याकडे नाही. संवादकौशल्य ही अट लावली की मुलाखतीत सफाईने बोलणारा पुढे जातो, आणि ही सफाई बऱ्याचदा घरातून, शाळेतून आणि इंग्रजी माध्यमातून आलेली असते. लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या महाविद्यालयातून वर आलेल्या मुलीची मांडणी अडखळत असेल, म्हणून तिचा विचार अडखळतो असं होत नाही. भाषेची किंमत किती पडते याचा एक अंदाज आपल्यापुढे आहे. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-संशोधकांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना निबंध वाचायला आणि लिहायला बराच जास्त वेळ लागतो आणि भाषेच्या कारणावरून त्यांचे निबंध नाकारले जाण्याचं प्रमाण सुमारे अडीचपट असतं, असं तिच्यात दिसलं. तेव्हा हा आक्षेप मान्य करूनच पुढे जायला हवं. उपाय अट काढून टाकण्यात नाही, ती नीट तपासण्यात आहे. उमेदवाराला फसलेल्या एका प्रयोगाबद्दल विचारावं आणि तो फसला हे सगळ्यांत आधी कुणाला सांगितलं, हेही विचारावं. त्याच्याच निबंधातली एक आकृती समोर ठेवून, ती चुकीची ठरायची असेल तर कुठे चुकीची ठरेल, असं विचारावं. त्याने दुसऱ्यासाठी लिहिलेल्या कार्यपद्धतीचा एक नमुना मागवावा. शिफारसपत्र देणाऱ्याला 'कसा आहे?' असं न विचारता, त्याच्या डेटावर त्याच्याशिवाय कुणाला काम करता आलं का, असं विचारावं. या प्रश्नांना मोडक्या इंग्रजीत उत्कृष्ट उत्तरं देता येतात आणि अस्खलित इंग्रजीत पोकळ उत्तरं फार वेळ देता येत नाहीत.

शिवाय हे कौशल्य फक्त उमेदवाराच्या अंगात शोधणं ही अर्धीच गोष्ट झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधलं रोझलिंड फ्रँकलिनचं प्रकरण त्यासाठी पुन्हा वाचावं. पीएच.डी. करून, पॅरिसमध्ये चार वर्षं क्ष-किरणांचं काम करून ती १९५१ च्या जानेवारीत तीन वर्षांच्या फेलोशिपवर तिथे आली. आजच्या भाषेत पोस्टडॉकच. विभागप्रमुख जॉन रँडल यांनी डिसेंबर १९५० मध्ये तिला पत्र लिहून डीएनएचं क्ष-किरण काम ती आणि विद्यार्थी रेमंड गॉसलिंग असे दोघेच करतील, असं सुचवलं होतं. आधीपासून त्याच कामात असलेल्या मॉरिस विल्किन्सना या पत्रातला मजकूर कळवलाच नव्हता. ती आपल्याला साहाय्य करायला आली आहे, असं विल्किन्स समजले. काम आपल्याकडे स्वतंत्रपणे सोपवलं आहे, असं ती समजली. दोघांचाही समज आपापल्या जागी बरोबर होता. पुढची दोन वर्षं एकाच विभागात दोघांचं धड बोलणं नव्हतं, आणि १९५३ च्या जानेवारीत विल्किन्सनी तिच्या गटाने घेतलेलं छायाचित्र तिच्या नकळत, डीएनएच्या रचनेच्या शोधात असलेल्या जेम्स वॉटसनला दाखवलं. या कलहाला दोघांच्या स्वभावाचा रंग देऊन बरीच पानं लिहिली गेली आहेत. मला त्यात आधी दिसतो तो एका प्रमुखाने दोन माणसांना कामाची वाटणी वेगवेगळी सांगण्याचा प्रकार. अशा ठिकाणी उमेदवाराच्या संवादकौशल्याची कितीही कडक परीक्षा घेतली तरी उपयोग शून्य.

आणि हे काम मोलाचं आहे असं म्हणायचं, तर त्याची नोंदही व्हायला हवी. युरोपच्या मारी स्क्वोडोव्स्का-क्यूरी पोस्टडॉक फेलोशिपमध्ये अर्जाच्या गुणांपैकी निम्मे संशोधनाच्या दर्जाला, ३० टक्के परिणामाला आणि २० टक्के अंमलबजावणीला असतात. ज्ञानाची देवाणघेवाण आणि लोकांपर्यंत पोचणं हे त्यात मोजलं जातं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पोस्टडॉक संघटनेने सांगितलेल्या सहा मूलभूत क्षमतांत संवाद, नेतृत्व आणि व्यावसायिक वर्तन यांना विषयज्ञानाच्या बरोबरीची जागा आहे. निबंधात कुणी काय केलं हे सांगणारी चौदा भूमिकांची 'क्रेडिट' पद्धत २०२२ मध्ये अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात डेटा नीट लावणं आणि प्रकल्पाचा कारभार पाहणं यांनाही नाव आहे. प्रत्यक्षात मात्र प्राध्यापकीच्या निवडसमितीपुढे मोजला जातो तो पहिल्या लेखकाचा मान आणि नियतकालिकाचं नाव. ज्याने दोन लॅब जोडून ठेवल्या, तीन विद्यार्थ्यांना उभं केलं, नमुन्यांची नोंदवही सांभाळली, तो लेखकांच्या यादीत मध्ये कुठेतरी असतो. असं काम बहुतेक वेळा नाही म्हणता न येणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडतं आणि कराराची मुदत संपते तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. सहकार्य मागणाऱ्या लॅबने त्याचा हिशेब आपण कसा ठेवणार, हे आधी सांगितलं नाही तर त्या मागणीला फुकट राबवून घेण्याचा वास येणारच.

म्हणून मुलाखत दोन्ही बाजूंनी व्हावी. लेखकांचा क्रम काम सुरू होताना ठरतो की निबंध लिहून झाल्यावर, याआधीचे पोस्टडॉक इथून कुठे गेले, प्रकल्प सोडून जाताना स्वतःची कल्पना बरोबर नेता येते का, दोन जणांना एकच प्रश्न दिला जातो का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. लॅबमधल्या विद्यार्थ्यांशी प्रमुख समोर नसताना अर्धा तास बोलायला मिळेल का, हेही विचारावं. बऱ्याच चांगल्या लॅब स्वतःहूनच तशी भेट ठरवतात. टाळाटाळ झाली तरी ती जागा नाकारणं सगळ्यांना परवडतंच असं नाही. व्हिसाची मुदत असते, घरी पैसे पाठवायचे असतात. पण निदान वाटणी लेखी मागता येते, पहिल्याच महिन्यात.